जपानमधल्या बातम्यांवर शेजारीपाजारी काय बोलतात? (तांदूळ, अस्वलं वगैरे)

खारुताई (चिबा) · १४ डिसेंबर २०२५, ९:४०

परवा क्योतोच्या कियोमिझु देवळात वर्षाचं अक्षर जाहीर झालं (इथे एक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द). लोक मतं पाठवतात आणि देवळाचे मुख्य भिक्षू भल्यामोठ्या कागदावर कुंचल्याने ते अक्षर काढतात. २०२५चं अक्षर निघालं 'अस्वल'. 'तांदूळ' अगदी थोडक्या मतांनी मागे पडला. आमच्या गल्लीत मतदान झालं असतं तर तांदूळ बिनविरोध आला असता.

धागा काढायचं कारण असं की आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जो जपान फिरतो, त्यात सगळे हसतमुखाने रांगेत उभे असतात. तो खोटा नाही. पण त्यात कोणी कधी कुरकुरत नाही, आणि मी राहते तिथे लोक अखंड कुरकुरतात, फक्त आवाज चढत नाही. टीव्हीवाल्याने माइक पुढे केला की बाई म्हणते "अडचण आहे खरी", आणि हसते. तीच बाई कचऱ्याच्या पिशव्या ठेवताना भेटली की मंत्र्याची सात पिढ्यांची उजळणी करते. मला ही दुसरी मतं ऐकायची आहेत. तुम्ही जपानात असाल तर तुमच्या ऑफिसात, गल्लीत, सासरी काय ऐकलंत ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या सुपरमार्केटात 'एका कुटुंबाला एकच पिशवी' अशी हाताने लिहिलेली पाटी लागली, आणि पाटीखाली एकही पिशवी नव्हती. नंतर माल आला तो भाव चढवून. जी पाच किलोची पिशवी दोन हजार येनच्या आसपास यायची, ती २०२५च्या मे महिन्यात ४,२००च्या वर गेली. सरकारने राखीव साठा काढला, जरा उतरली, आणि नोव्हेंबरात परत ४,३००च्या वर. म्हणजे किलोला पाचशे रुपयांच्या घरात, तेही रोजच्या साध्या तांदळाला.

शेजारच्या आजी पंचाहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. तेव्हाचे शेतीमंत्री एतो ताकु भाषणात बोलून गेले की मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक इतका देतात की विकता येईल. तीन दिवसांत राजीनामा द्यावा लागला. आजी मला म्हणाल्या, "राजीनामा कशाला? त्याला एक महिना माझ्या पेन्शनीत बाजारहाट करायला लावायचा." हे त्या कुठल्याही कॅमेऱ्यासमोर बोलल्या नसत्या.

एक विनंती. 'जपानी लोक किती शिस्तीचे' हे इथे चिकटवू नका.

वातकुक्कुट (ठाणे) · ९:५२

जपानी लोक किती शिस्तीचे!

(पळतो आता. पॉपकॉर्न घेऊन परत येईन.)

दूरदेशी (न्यू जर्सी) · १०:१५

छान धागा. जपानमध्ये शाळेतली मुलं स्वतः वर्ग झाडतात आणि सामना हरले तरी प्रेक्षक स्टेडियम साफ करून जातात, हे आपण कधी शिकणार? तांदूळ महागला तरी तिथे दंगल नाही, मोर्चा नाही, हीच ती संस्कृती.

उंबरठा (योकोहामा) · ११:०५

दूरदेशी, दंगल नाही हे २०२५चं. १९१८ साली तोयामाच्या किनाऱ्यावरच्या कोळणींनी तांदूळ जहाजात भरू देणार नाही म्हणून अडवला, आणि तिथून जे पेटलं ते देशभर गेलं. तेराउची मंत्रिमंडळ कोसळलं त्यात. म्हणूनच यंदा वर्तमानपत्रं 'रेइवा काळातली (म्हणजे आताच्या सम्राटाच्या राजवटीतली) तांदूळ दंगल' असं लिहीत होती. आणि मोर्चाही निघाला. ३० मार्चला तोक्योच्या आओयामात, महागड्या कपड्यांच्या दुकानांसमोरून शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर नेले. सिग्नलला थांबत थांबत, ते मान्य.

आता भाव का चढला. ऑफिसात याच्यावर रोज जेवणाच्या सुट्टीत भांडण होतं, त्याचं सार देतो.

१९७०पासून सरकार शेतकऱ्याला तांदूळ कमी पिकवायला पैसे देत आलं. लोक पाव-नूडल्सकडे वळले होते, भाव पडू नये म्हणून. २०१८ला हे धोरण कागदोपत्री संपलं, पण 'यंदा देशाला एवढाच लागेल' असा अंदाज सरकार काढतंच आणि पशुखाद्याचा तांदूळ लावला की अनुदान देतंच. म्हणजे गरजेला जेमतेम पुरेल इतकंच पिकवायचं. मग २०२३चा उन्हाळा आला. कडक उष्म्याने दाणा पांढरा पडला, गिरणीत तुकडा जास्त झाला, हाती तांदूळ कमी. त्यात ८ ऑगस्ट २०२४ला क्यूशूला भूकंप झाला आणि हवामान खात्याने समुद्रातल्या नानकाइ खंदकाच्या महाभूकंपाबद्दल इशारा दिला. लोकांनी पाणी आणि तांदूळ भरून ठेवले. खारुताईंनी सांगितलेली ती पाटी तेव्हाची.

सरकार वर्षभर म्हणत राहिलं की तांदूळ आहे, मधले व्यापारी दाबून बसलेत. शेवटी या ऑगस्टमध्ये कबूल केलं की तांदूळच कमी होता. आमच्या ऑफिसातला राग भावापेक्षा या वर्षभराच्या 'आहे, आहे' वर जास्त आहे.

रानभाजी (दापोली) · ११:४०

वाचतोय. मला एक सांगा, शेतकऱ्याला काही मिळालं का यातलं? आमच्याकडे भात लावायला माणूस मिळत नाही. निम्मी खाचरं ओस पडलीत आणि घरात रेशनचा तांदूळ. पाचशे रुपये किलो ऐकून मी आजच नांगर उचलणार होतो.

उंबरठा (योकोहामा) · १२:२०

रानभाजी, यंदा मिळालं. शेतकी संघ कापणीआधी जी उचल देतो ती यंदा बरीच वाढली. पण त्याआधीची कित्येक वर्षं खर्चही निघत नव्हता. इथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय सत्तरीला टेकलंय. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील नीगाताला शेती करतात. ते त्याला म्हणाले, "शहरवाल्यांना तांदूळ स्वस्त हवा होता, मिळाला. आता पिकवणारा स्वस्तात मिळतो का बघा." हा ते ऑफिसात सांगताना वडिलांच्या बाजूने बोलतो, आणि संध्याकाळी घरी जाताना कॅलिफोर्नियाचा कॅलरोज तांदूळ घेऊन जातो. किलोला ३४१ येन आयातकर भरूनही तो स्वस्त पडत होता, यावरून काय ते समजा.

शेवंती (नागोया) · १३:१०

कोइझुमी शिंजिरो शेतीमंत्री झाले आणि राखीव तांदूळ थेट दुकानांना दिला, पाच किलो दोन हजाराला, तेव्हा आमच्याकडे सकाळी उजाडायच्या आधी रांग. सासूबाई गेल्या होत्या. २०२१-२२चा जुना तांदूळ तो. आधी दोन दिवस सगळे चॅनेल 'वास येतो का' यावर चर्चा करत होते, एका विरोधी नेत्याने तर 'वर्षभराने जनावरांपुढेच टाकायचा होता' असं म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सासूबाईंनी तो शिजवला. थोडा मोकळा झाला, वास वगैरे काही नाही. मला तर आवडला, फोडणीच्या भाताला उत्तम! त्यांनी मात्र मान हलवली आणि शेजारणीला फोनवर सांगितलं, "सूनबाई खाते आवडीने." त्यात काय समजायचं ते मी सोडून दिलंय.

आता नवीन सरकारने तांदळाची कूपनं आणलीत. पाचशे येनच्या कूपनावर ४४० येनचाच तांदूळ मिळतो, उरलेले साठ छपाई आणि हाताळणीत. नवरा म्हणतो, बाकी महागाईचं राहू दे, या साठ येनवर सरकार पडेल. काही शहरांनी कूपनं नकोतच, आम्ही पाण्याचं बिल कमी करतो असं कळवलंय.

दूरदेशी (न्यू जर्सी) · १३:३०

बरं. तोयामाचं माहीत नव्हतं. पण वर्ग झाडतात ना?

खारुताई (चिबा) · १३:४१

झाडतात. माझा मुलगा शाळेत झाडतो आणि घरी मोजे जिन्यात टाकतो.

मिरगाचा_पाऊस (सेंदाई) · १५:२५

तांदळावर बोलून झालं असेल तर अस्वलाकडे वळू. तोक्योवाल्यांसाठी तो विनोद आहे. आमच्याकडे उत्तरेला नाही.

या आर्थिक वर्षात आतापर्यंत १३ माणसं गेली. आधीचा विक्रम सहाचा होता. आकिता आणि इवाते ही दोन प्रांतं सगळ्यात जास्त होरपळली. किताकामीच्या गरम झऱ्यावर उघडं कुंड साफ करणारा माणूस तिथूनच ओढला गेला. हे रानात घुसलेले लोक नव्हेत. कोणी अंगणात होतं, कोणी कचरा टाकायला निघालं होतं. नोव्हेंबरात आकिताला लष्कर आलं. गोळ्या घालायला नव्हे, सापळ्याचे पिंजरे वाहायला, कारण ते उचलायला गावात माणसं नाहीत.

मी कामासाठी आकिताच्या एका छोट्या गावात जातो. संध्याकाळी पाचला गावच्या भोंग्यावर मुलांनी घरी जावं म्हणून गाणं लागतं, तसं इथे सगळीकडेच लागतं. आता गाणं संपलं की बाई त्याच सुरात सांगते, अमुक देवळामागे अस्वल दिसलं, बाहेर पडू नका. एका घरासमोर दोन माणसं शिडी लावून पर्सिमनची (जपानी तेंडूची) फळं काढत होती, कच्ची-पिकली सगळी, आणि पोत्यात भरत होती. घरमालक वारलेला, मुलगा तोक्योत, झाड फळांनी लगडलेलं. यंदा डोंगरात बीच नावाच्या झाडांना फळं धरली नाहीत, त्यामुळे अस्वल खाली येतं ते थेट या झाडांवर. गावकरी दुसऱ्याच्या ओस घराची झाडं अशी ओरबाडत फिरतात, वर मालकाची फोनवर परवानगी काढून.

देशात ९० लाख रिकामी घरं आहेत हा आकडा मी बातम्यांत कितीदा ऐकला होता. त्या शिडीखाली उभं राहिल्यावर तो कळला.

नाशिककर_क्ष · १६:०२

आमच्याकडे बिबट्याचं हेच. जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसात पिल्लं घालतो, ऊसच त्याचं रान. परवा बातमीत पाहिलं, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातायत. पण आमच्याकडे लोकांनी हायवे अडवला. तुमच्याकडे आकितात कोणी अडवला का?

मिरगाचा_पाऊस (सेंदाई) · १६:३०

हायवे नाही अडवला. उलटंच झालं. अस्वल मारलं की प्रांताच्या कचेरीत देशभरातून फोन येतात, 'का मारलंत, बिचारं', आणि रडतात म्हणे लोक फोनवर. आकिताचे आधीचे राज्यपाल वैतागून बोलले होते की असा फोन आला तर मी लगेच ठेवून देतो. गावात लोक तेव्हा जाम खूष झाले होते.

शिकाऱ्यांचा राग वेगळाच. तेही साठी-सत्तरीचे. होक्काइदोत नाइए नावाच्या गावात २०२४ला शिकारी संघाने नगरपालिकेला नकार कळवला, दिवसाला ८,५०० येनवर आम्ही जीव धोक्यात घालणार नाही म्हणून. त्याच होक्काइदोत दुसऱ्या एका शिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गोळी झाडली, तर मागे घरं होती म्हणून त्याचीच बंदूक जप्त. वर्षानुवर्षं कोर्टात चाललंय. आता या सप्टेंबरपासून कायदा बदलून नगरपालिकेच्या हुकमाने वस्तीत गोळी झाडता येते. आमच्या ओळखीतला एक शिकारी म्हणतो, "हुकूम त्यांचा, गोळी माझी, आणि भिंतीला भोक पडलं की फोटो माझा."

पुणेरी_निहोन्गो (पुणे) · १७:१५

मी पुण्यातून जपानी कंपन्यांसाठी भाषांतराची कामं करते, त्यामुळे माझं ऐकलेलं सगळं ऑनलाइन मीटिंगच्या आधीच्या पाच मिनिटांतलं. सध्या तिथे पुढच्या वर्षाची चर्चा आहे. २०२६ हे 'हिनोएउमा', साठ वर्षांनी येणारं अग्नी-अश्वाचं वर्ष. या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला गिळते अशी जुनी समजूत. आपल्या मूळ नक्षत्राची जपानी बहीण. १९६५ला १८ लाखांवर बाळं जन्मली होती, १९६६ला १३ लाख ६० हजार. पुढच्या वर्षी पुन्हा वर. म्हणजे शिकल्यासवरल्या, टीव्ही घेतलेल्या, बुलेट ट्रेनच्या देशात लोकांनी ठरवून वर्षभर थांबवलं!

आमच्या क्लायंटकडे एक बाई १९६६च्या आहेत. त्या म्हणतात, वर्गात मुलं कमी म्हणून कॉलेजचा प्रवेश सोपा गेला, नवरा ठणठणीत आहे, आणि आजी मात्र मरेपर्यंत माझी जन्मतारीख कोणाला सांगत नव्हती. तिथल्या तरुण पोरांना याचं काही नाही. एक जण म्हणाला, "पाव हिस्सा कमी व्हायला आधी बाळं तर हवीत." २०२४ला ६ लाख ८६ हजार जन्मली, सात लाखांच्या खाली पहिल्यांदाच.

शेवंती (नागोया) · १८:०५

बाळांवरून माझ्या ऑफिसातला विषय सांगते. पंतप्रधान ताकाइची पक्षाध्यक्ष झाल्या त्या दिवशी म्हणाल्या, 'काम करीन, काम करीन', असं ओळीने पाच वेळा. त्याला वर्षातल्या गाजलेल्या शब्दाचं बक्षीसही मिळालं. पहिल्या महिला पंतप्रधान, त्याचं कौतुक मलाही होतं. पण कामाच्या ताणाने माणूस गमावलेल्या कुटुंबांनी लगेच निषेध केला, आणि ते ऐकून आमचा साहेब गप्प झाला. कारण आमच्याकडे जादा तासांवर मर्यादा २०१९ला आली. महिन्याला ४५ तास, अपवाद धरला तरी शंभराच्या आत. ती सैल करायचा विचार सरकार करतंय म्हटल्यावर जेवणाच्या टेबलावर सरळ दोन तट पडले. पंचविशीतली मुलं म्हणतात, करू द्या की, पैसे मिळतात. पोरंबाळं असलेल्या बायका काहीच बोलत नाहीत, आणि ते न बोलणं बोलण्यापेक्षा जड असतं.

आडनावाचं तर विचारूच नका. जपानी नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं, कायदाच आहे, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास बायकाच बदलतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ला तो कायदा योग्य ठरवला. पण परदेशी माणसाशी लग्न केलं तर ही सक्ती नाही! त्यामुळे मी माझ्या मराठी आडनावाने मजेत आहे आणि माझ्या नणंदेला बँक, पासपोर्ट, पदवीच्या प्रती, सगळं बदलत फिरावं लागलं. ती मला म्हणाली, "या देशात आडनाव टिकवायचं तर परदेशी नवरा करायला हवा होता."

आणि गंमत ही की ताकाइचींच्या दुसऱ्या लग्नात (नवरा तोच, मधे घटस्फोट) नवऱ्याने त्यांचं आडनाव घेतलंय. तरी वेगळ्या आडनावांना त्यांचा विरोध. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तिचा नवरा चांगला आहे." विषय संपला.

वातकुक्कुट (ठाणे) · १८:२०

सासूबाईंना या धाग्याचं अध्यक्षपद द्या.

कासाईकर (तोक्यो) · २०:४५

सगळ्यांनी मोठा विषय टाळलाय, म्हणून मीच काढतो.

मी निशी-कासाईला राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांचा अड्डा, इथूनच २०१९ला आपले योगेंद्र पुराणिक वॉर्डच्या सभेत निवडून गेले होते. या जुलैत वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी लोक आधी' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाला १४ जागा मिळाल्या. देशात परदेशी लोक ३९ लाखांच्या वर गेलेत, लोकसंख्येच्या तीन टक्के. तीन! पण टीव्ही लावला की वाटतं निम्मा देश आम्हीच भरलाय.

आमच्या वस्तीचे खजिनदार आहेत, मी त्यांना तानाका म्हणतो, खरं नाव वेगळं. सत्तर ओलांडलेले, बायको गेली. मी आलो तेव्हा कचऱ्याचं वेळापत्रक त्यांनी माझ्या दारावर चिकटवलं होतं, पिवळ्या मार्करने रंगवून. पहिल्यांदा माझी पिशवी 'उचलता येणार नाही' चा कागद लावून परत राहिली, तेव्हा त्यांनीच ती माझ्यासमोर उघडून बॅटरी बाहेर काढली आणि दाखवली. रागावले नाहीत, पण मी आयुष्यात पुन्हा बॅटरी टाकणार नाही.

डिसेंबरात रात्री आगीपासून सावध करत फिरायची प्रथा आहे. लाकडाच्या दोन दांड्या आपटायच्या आणि ओरडायचं, 'एका काडीने आग लागते'. गेल्या शनिवारी आम्ही पाच जण निघालो, त्यात चाळिशीच्या खालचा मी एकटाच. चालता चालता तानाका म्हणाले, मी सान्सेइतोला मत दिलं. मी विचारलं, माझ्यासारख्यांना हाकलायला? ते थांबले, म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही. तू वेगळा आहेस." आणि दांड्या माझ्या हातात दिल्या, हात दुखतो म्हणून.

मला राग आला की नाही, अजून ठरलेलं नाही.

उंबरठा (योकोहामा) · २१:१०

यायला हवा. 'तू वेगळा' हे सगळ्यात गोड अपमानाचं वाक्य आहे. उद्या नियम कडक झाले तर ते तुला वेगळं काढून लागू होणार नाहीत. उदाहरण समोर आहे. १६ ऑक्टोबरपासून धंद्याच्या व्हिसासाठी भांडवल ५० लाख येनवरून एकदम ३ कोटी, शिवाय एक पूर्णवेळ नोकर. आपल्याकडच्या आणि नेपाळ्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या करी-नानच्या दुकानांचं काय? असलेल्यांना तीन वर्षं सवलत दिलीय, पुढे बघू म्हणतात. ज्यांच्यामुळे हा नियम आला त्या कागदी कंपन्यांकडे तीन कोटी असतीलही. नान भाजणाऱ्याकडे नाहीत.

नाशिककर_क्ष · २१:२६

जरा स्वतःकडेही बघा मंडळी. आपण मुंबईत परप्रांतीयांबद्दल बोलतो आणि आपल्या दूधवाल्याला म्हणतो 'तुम वैसे नहीं हो', तेव्हा आपणही तानाकाच असतो.

उंबरठा (योकोहामा) · २१:३३

मान्य. म्हणून ते बरोबर ठरत नाही.

खारुताई (चिबा) · २१:५०

या विषयावर आमच्या प्रांतातला किस्सा. ऑगस्टमध्ये एका सरकारी संस्थेने आफ्रिकेतल्या चार देशांशी चार जपानी शहरं जोडली, देवाणघेवाणीसाठी. त्यात आमच्या चिबातलं किसाराझु आणि नायजेरिया. नायजेरियाच्या सरकारने उत्साहात खास व्हिसाची घोषणा करून टाकली, जी खोटी होती, ती नंतर मागेही घेतली. पण तोवर नगरपालिकेचे फोन दिवसचे दिवस बंद पडायची वेळ. शेवटी सप्टेंबरात ती योजनाच रद्द.

शेजारच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "किसाराझुत माणसं येणार म्हणून एवढा गोंधळ? तिथून माणसं जातायत त्याचा कोणी गोंधळ केला नाही." त्यांचा मुलगा गेलाय, ओसाकाला.

कासाईकर, तुमच्या वस्तीत ती सूचनांची फिरती फाइल अजून आहे का? आमच्याकडे ती बंद करून फोनवर ग्रुप काढायचा घाट घातलाय, त्यावरून गेले महिनाभर महाभारत चाललंय.

कासाईकर (तोक्यो) · २२:२०

आहे, आणि तानाका ती बंद होऊ देणार नाहीत. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. फाइल दारोदार जाते, वाचली की शिक्का मारून पुढच्या दारी. फोनवर निरोप 'वाचला' दिसतो, पण वाचणारा पडलाय की उभा आहे ते दिसत नाही. आमच्या इमारतीत मागे फाइल एका दारी अडकली, चौथ्या दिवशी तानाका बघायला गेले, तर आजोबा न्हाणीघरात पाय मोडून. वाचले ते. पोलिसांचा २०२४चा आकडा आहे, ७६ हजार माणसं एकट्याने घरात मेलेली सापडली, तीन चतुर्थांश पासष्टीपुढची.

फाइलमध्ये काय असतं म्हणाल तर उंदरांच्या औषधाची जाहिरात आणि शाळेच्या जत्रेचं पत्रक. पण तो मुद्दाच नाही. आणि हो, फाइल दारोदार न्यायला आता सगळ्यात जास्त मी आणि वरच्या मजल्यावरचा व्हिएतनामी मुलगा असतो. हे मी तानाकांना त्या शनिवारी सांगायला हवं होतं का, असं मिसेस म्हणतात. मला वाटतं त्यांना माहीत आहे.

शेवंती (नागोया) · २२:४१

कासाईकर, प्रतिसाद फार आवडला. पण माहीत असूनही मत तिकडेच दिलं ना त्यांनी?

कासाईकर (तोक्यो) · २२:५०

दिलं. पेन्शनीत भागत नाही, तांदूळ दुप्पट झालाय, आणि त्यांच्या दारात येऊन अर्धा तास बसलेला उमेदवार तोच एक होता असं म्हणतात. बाकीचे गाडीवरून हात हलवून गेले.

रानभाजी (दापोली) · १५ डिसेंबर, ७:१०

हे सगळीकडे सारखंच आहे.

नवशिका_टोकियो · ८:३५

नमस्कार, अवांतर विचारू का? नवीन आलोय. भारतातलं लायसन्स जपानी करून घ्यायचंय. परदेशी ड्रायव्हर्सच्या बातम्यांनंतर फार अवघड केलंय म्हणतात. खरं का? ऑफिसातले जपानी तर म्हणतात, आधी फारच सोपं होतं, बरं झालं.

मिरगाचा_पाऊस (सेंदाई) · ९:०४

खरं आहे, आणि ऑफिसवालेही अगदी चूक नाहीत. १ ऑक्टोबरपर्यंत दहा प्रश्न, सात बरोबर की लेखी पास. हॉटेलचा पत्ता देऊन पर्यटकसुद्धा करून घ्यायचे. आता ५० प्रश्न आणि ४५ बरोबर हवेत, शिवाय इथल्या रहिवासाचा दाखला. प्रश्न असे की वाक्याच्या शेवटी एक शब्द उलटा असतो, घाईत गेलात की गेलात.

नंतर मैदानात गाडी चालवून दाखवायची. आपण डावीकडूनच चालवतो त्यामुळे अर्धं काम सोपं, पण तीच खोड नडते. गाडीत बसायच्या आधी वाकून पुढे-मागे पाहा. वळायच्या आधी आरसा, मग मान वळवून खांद्यावरून पाहा, तेही परीक्षकाला दिसेल असं. 'थांबा'च्या रेघेवर गाडी पूर्ण थांबली पाहिजे, पुण्यातल्यासारखं सरकत सरकत नाही. अरुंद काटकोनी वळणात कठड्याला चाक लागलं तर मागे घेऊन परत काढता येतं, तसंच पुढे रेटलंत तर तिथेच परीक्षा संपते.

कागदांत मूळ लायसन्स आणि त्याचं अधिकृत जपानी भाषांतर लागेल. लायसन्स निघाल्यावर तुम्ही किमान तीन महिने भारतात होतात हे दाखवावं लागतं. त्यामुळे जुना पासपोर्ट आईकडे कपाटात असेल तर आजच कुरियर करायला सांगा, ते शिक्के एकेक करून तपासतात.